जिनिव्हा : शोभेआधी कामाचे

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्यांच्या बोलण्यात टिटलिसचा बर्फ येतो, युंगफ्राऊची रेल्वे येते, इंटरलाकेनला मिळालेल्या भारतीय जेवणाचे कौतुक येते. जिनिव्हाचा उल्लेख आलाच तर तो ओझरता असतो. सहल कंपनीची बस सरोवराकाठी थांबते, कारंज्यासमोर आणि फुलांच्या घड्याळासमोर छायाचित्रे निघतात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीपुढची तीन पायांची भव्य खुर्ची बसच्या काचेतून दाखवली जाते आणि सायंकाळपर्यंत मंडळी पुढच्या मुक्कामाला निघालेली असतात. 'महाग आणि निरस' असा शिक्का या शहरावर बसला आहे. त्यातला महागाईचा भाग खरा आहे. निरसपणाचा दोष मात्र बराचसा त्या अर्ध्या दिवसाचा आणि निवडलेल्या महिन्याचा आहे.

आपल्याकडून युरोपला जाणारी बहुतेक कुटुंबे शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जातात. त्या वेळी सरोवराचे पाणी अजून थंडगार असते. हा जलाशय सुमारे ५८० चौरस किलोमीटर पसरलेला आणि कमाल ३१० मीटर खोल आहे. एवढे पाणी तापायला वेळ लागतो, तसाच निवायलाही. त्यामुळे उन्हाळ्यात साठलेली ऊब सप्टेंबरातही टिकून राहते. दिवसा वीस-बावीस अंशांचे ऊन, रात्री हलका स्वेटर लागेल एवढा गारवा आणि महिन्याच्या सुरुवातीला रात्री आठपर्यंत रेंगाळणारा उजेड. ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि सुट्टीवर गेलेले जिनिव्हाकर घरी परतलेले असतात. एक-दोन सरी पडून हवा स्वच्छ झाली, की माँ ब्लाँ पुलावरून त्याच नावाचा हिमाच्छादित पर्वत दिसतो. ऑक्टोबर उजाडला, की सकाळचे धुके आणि ढगांचे करडे छत हे सुख हळूहळू हिरावून घेऊ लागतात.

पाहण्याची सुरुवात कारंज्यापासूनच करावी, पण त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहू नये. आज हे पाणी १४० मीटर, म्हणजे जवळजवळ दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत इतक्या उंचीवर उडते. दर सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने वर फेकले जाते आणि कोणत्याही क्षणी सुमारे सात टन पाणी हवेत असते. मूळ कारंजे होते अवघे ३० मीटरचे, आणि तेही या जागी नव्हते. १८८६ मध्ये ऱ्होन नदीच्या प्रवाहावर कूलूव्रनिएर येथे जलशक्तीचे केंद्र उभे राहिले. तेथून दाबाखालचे पाणी नळांवाटे गावातल्या कारखान्यांना पुरवले जाई आणि त्या दाबावर यंत्रे फिरत. सायंकाळी कारागिरांनी यंत्रे बंद केली, की नळांतला दाब एकाएकी वाढे आणि पंप थांबवण्यासाठी धावाधाव होई. यावर उपाय म्हणून दाब मोकळा करणारी एक वाट काढण्यात आली. तिच्यातून उसळणारे पाणी म्हणजे हे कारंजे. थोडक्यात, कुकरची शिट्टी! पुढे दाब आवरण्याची दुसरी सोय झाली आणि या शिट्टीची गरज उरली नाही. पण तोवर लोकांना तिचा लळा लागला होता. १८९१ मध्ये स्विस राज्यसंघाच्या सहाशेव्या वर्षाचे निमित्त साधून कारंजे सरोवराच्या मुखाशी आणले गेले. सध्याची यंत्रणा १९५१ ची आहे. जलकेंद्राची ती जुनी दगडी इमारत अजूनही नदीत उभी आहे. १९९७ मध्ये तिचे नाट्यगृहात रूपांतर झाले.

या शहरात असे पुनःपुन्हा होते. जी वस्तू शोभेची वाटते, तिच्या मुळाशी काही तरी काम निघते. कारंज्याजवळच पाण्यातून डोके वर काढलेले दोन मोठे दगड दिसतात. हिमयुगातल्या हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेले हे धोंडे 'निताँचे दगड' म्हणून ओळखले जातात. बसमधून उतरलेला पर्यटक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मात्र त्याने आदल्या दिवशी सर केलेल्या टिटलिसची उंची याच दगडावरून ठरलेली असते. एकोणिसाव्या शतकात देशाचा नकाशा तयार करणारे जनरल द्यूफूर यांनी यांपैकी मोठा दगड उंचीमापनाचा मूळबिंदू मानला. समुद्र नसलेल्या देशाला समुद्रसपाटी मोजायला कुठे तरी खुंटी ठोकावीच लागते. सुरुवातीला या दगडाची उंची ३७६.८६ मीटर धरली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी फेरमोजणीत ती ३७३.६ मीटर भरली आणि देशातली सगळी शिखरे कागदावर एका झटक्यात तीन मीटरांहून अधिक बुटकी झाली.

पाण्याच्या पातळीवरून येथे भांडणेही झाली आहेत. सरोवराचे पाणी ऱ्होनवाटे बाहेर पडते ते जिनिव्हातच. त्यामुळे तोटी जिनिव्हाच्या हाती आणि पूर येणार तो वरच्या काठावरच्या व्हो प्रांतात. जिनिव्हाच्या बांधकामांनी पाणी तुंबते, अशी तक्रार घेऊन व्हो प्रांत न्यायालयात गेला आणि १८८४ मध्ये करार होऊन पातळीची मर्यादा ठरली. कारंज्याला जन्म देणारे जलकेंद्र या तडजोडीनंतरच पुरे होऊ शकले. कृष्णा-कोयनेच्या पाण्याची वर्तमानपत्री चर्चा वाचणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. १९९५ पासून सेझे येथील धरण पातळी सांभाळते आणि उन्हाळ्यात पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३७२.३ मीटरवर राखले जाते.

हे पाणी नुसते काठावरून पाहण्यासाठी नाही. 'बँ दे पाकी' हा सार्वजनिक स्नानघाट १९३२ मध्ये काँक्रीटमध्ये बांधला गेला. तो पाडून नवा बांधायचा घाट नगरपालिकेने घातला होता. १९८८ मध्ये नागरिकांनी सार्वमत घेऊन तो हाणून पाडला. येथे बँकेतला अधिकारी, विद्यार्थी आणि निवृत्त आजीबाई एकाच फळीवर ऊन खात बसलेल्या दिसतात. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी साधारण वीस अंशांचे असते. जिनिव्हाकर त्याला कोमट म्हणतो, पुणेकराने आधी पाय बुडवून पाहावा. घाटावरचे साधे उपाहारगृह हे या महाग शहरात खिशाला झेपणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक.

सप्टेंबरात जाणाऱ्याने आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. महिन्याच्या पहिल्या रविवारनंतर येणारा गुरुवार हा 'जिनिव्हाचा उपवास' असतो. ही सुट्टी केवळ याच प्रांतात आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचा छळ सुरू झाला, तेव्हा त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याच्या दिवसांतून ही प्रथा आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, नोकरमाणसांनाही प्रार्थनेला जाता यावे, म्हणून आदल्या दिवशी प्लमच्या फोडी लावलेला टार्ट भाजून ठेवत आणि तेवढ्यावरच भागवत, असे सांगितले जाते. प्रार्थना मागे पडली, टार्ट राहिला. आता त्या आठवड्यात प्रत्येक बेकरीत जांभळ्या प्लमच्या टार्टचे ताटच्या ताट मांडलेले असते आणि उपवास कोणी करत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे वाक्य आपल्यापुरतेच मर्यादित नसावे! दुकाने मात्र त्या दिवशी बंद असतात, आणि रविवारीही. खरेदीचा बेत असेल तर तो आधीच उरकावा.

त्याच शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या शिस्तीचा दुसरा परिणाम दुकानांच्या काचेतून दिसतो. दागदागिन्यांवर निर्बंध आल्याने सोनारांची पंचाईत झाली. घड्याळ उपयोगाची वस्तू म्हणून चालत होते. सोनारांचे कसब आणि फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांचे ज्ञान एकत्र आले आणि १६०१ मध्ये येथे घड्याळजींचा संघही स्थापन झाला. आज या घड्याळांच्या किमती पाहिल्या, की दागिना बरा होता असे वाटते.

सरोवर सोडून ऱ्होनच्या काठाने पश्चिमेकडे चालत गेले, की अर्ध्या तासात संगमाशी पोहोचता येते. सरोवरातून गाळ खाली बसवून आलेली निळीशार ऱ्होन आणि माँ ब्लाँच्या हिमनद्यांचा चुरा घेऊन आलेली राखाडी आर्व या ठिकाणी भेटतात. बराच अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. पायी चालणाऱ्यांसाठी वाट ठेवलेल्या उंच रेल्वेपुलावरून हे दृश्य उत्तम दिसते. शरद ऋतूच्या आरंभी आर्वेत हिमनद्यांचे पाणी अजून असते, त्यामुळे फरकही ठळक असतो.

याच भागात, नदीच्या उंच काठावर, सँ जॉर्ज स्मशानभूमी आहे. भारतीय प्रवाशाने येथे जावे असे कोणतीही मार्गदर्शक पुस्तिका सहसा सांगत नाही. लंडनमध्ये 'इंडिया हाऊस' स्थापन करणारे श्यामजी कृष्ण वर्मा १९१४ मध्ये पॅरिस सोडून जिनिव्हाला आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जवळचा आहे. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजींमार्फत मिळालेल्या 'शिवाजी शिष्यवृत्ती'वर. ती सरदारसिंह राणा यांनी ठेवलेली होती. ज्या माणसाच्या घरातून साम्राज्य हादरवण्याचे बेत झाले, त्याची शेवटची वर्षे या शांत शहरात एकाकी गेली. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी पत्नी भानुमती याही गेल्या.

देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या अस्थी मायदेशी न्याव्यात, अशी श्यामजींची इच्छा होती. तोवर त्या शंभर वर्षे जपल्या जाव्यात यासाठी त्यांनी पैसेही भरून ठेवल्याचे सांगितले जाते. स्वातंत्र्य सतरा वर्षांत आले. अस्थी मात्र त्यानंतर छप्पन्न वर्षे जिनिव्हातच राहिल्या. ऑगस्ट २००३ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पती-पत्नींच्या अस्थी भारतात आणल्या. आता त्यांचे स्मारक कच्छमधील मांडवी या त्यांच्या जन्मगावी आहे. सँ जॉर्जमध्ये पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. तरीही परक्या गावाने एका परागंदा माणसाची ठेव त्र्याहत्तर वर्षे बिनबोभाट सांभाळली, हे त्या जागी उभे राहिल्याशिवाय उमगत नाही.

वेळ उरल्यास १८ क्रमांकाच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत, 'सर्न' या कणभौतिकी प्रयोगशाळेला जावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुले झालेले तेथील विज्ञानकेंद्र विनामूल्य आहे, सोमवारी बंद असते. भारताने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मूर्ती प्रयोगशाळेच्या आवारात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाची इमारत आतून पाहायची तर आगाऊ नोंदणी आणि पासपोर्ट हवाच. बाहेरची १२ मीटर उंच लाकडी खुर्ची १९९७ मध्ये भूसुरुंगांच्या निषेधार्थ उभारली गेली. तिचा चौथा पाय मुद्दामच मोडलेला आहे, हे मुलांना जरूर सांगावे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर जवळच्या रूसँ गावात द्राक्षतोडणीचा उत्सव भरतो. शहरातून लोकल गाडीने तेथे सहज जाता येते.

खर्चाचे म्हणाल तर काही गोष्टींनी हात हलका होतो. हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामापुरता शहर वाहतुकीचा मोफत पास मिळतो. ट्राम, बस आणि बंदरातल्या छोट्या पिवळ्या-लाल बोटी त्यात येतात. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटली विकत घेण्याची गरज नाही. चलन युरो नसून फ्रँक आहे, व्हिसा मात्र शेंगेनचाच चालतो. विमानतळावरून मुख्य स्थानक रेल्वेने सात-आठ मिनिटांवर आहे. सप्टेंबर सरता सरता सरोवरातल्या मोठ्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा जलप्रवास आधी उरकावा. ईशान्येकडून 'बीज' नावाचा बोचरा वारा सुटला, की पाणी रस्त्यावर उडू नये म्हणून कारंजे बंद ठेवतात. पहिल्या दिवशी ते दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. त्यासाठी निदान दोन रात्रींचा मुक्काम हवा.