निळा कस्तूर

निळा कस्तूर : खडकाळ प्रदेशात राहणारा स्थलांतरी पक्षी. याचे शास्त्रीय नाव माँटिकोला सॉलिटॅरियस असे आहे. दक्षिण यूरोप व वायव्य आफ्रिकेपासून हिमालय, चीन व जपानपर्यंतच्या पट्ट्यात याची वीण होते. हिवाळ्यात तो भारतभर पसरतो. महाराष्ट्रात तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो व मार्च-एप्रिलमध्ये परततो. सह्याद्रीचे कडे, गडांचे तट, पडक्या इमारती व दगडाच्या खाणी त्याला मानवतात. वारणानगरजवळच्या पन्हाळगड व जोतिबाच्या डोंगरावरील उघड्या कातळांसारख्या जागा हे त्याचे हिवाळी निवासस्थान होय.

हा आकारमानाने साधारणपणे साळुंकीएवढा असून त्याची लांबी सु. २३ सेंमी. असते. नराचा रंग निळसर करडा व पंख आणि शेपटी काळपट असते. मादी करडी तपकिरी असून तिच्या खालच्या भागावर आडवे खवल्यांसारखे पट्टे असतात. उंच दगडावर ताठ बसून तो भक्ष्य हेरतो, जमिनीवर झेपावून ते टिपतो व पुन्हा जागेवर परततो. कीटक हे त्याचे मुख्य अन्न. लहान सरडे व फळेही तो खातो. विणीच्या प्रदेशात खडकाच्या कपारीत तो वाटीसारखे घरटे बांधतो. मादी ३ ते ५ फिकट निळी अंडी घालते.

या पक्ष्याच्या नावांत त्याचे बरेचसे चरित्र साठलेले आहे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याला ‘सॉलिटॅरियस’ म्हणजे एकाकी हे जातिनाम दिले. हिवाळ्यात प्रत्येक पक्षी आपले क्षेत्र राखून एकटाच वावरतो, त्यामुळे हे नाव येथेही सार्थ ठरते. ‘माँटिकोला’ या वंशनामाचा अर्थ गिरिवासी असा आहे. इटलीत तर त्याला ‘एकाकी चिमणी’ याच अर्थाचे नाव आहे.

तिसरे नाव दख्खनचे आहे. मुंबई सरकारच्या वतीने १८२४ पासून दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे सैनिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये या प्रदेशातील पक्ष्याचे ‘पांडू’ या नावाने वर्णन केले. तेच नाव आज हिमालय ते चीन या भागात वीण करणाऱ्या उपजातीला आहे. म्हणजे पक्ष्याचा जन्म उत्तरेकडचा, परंतु त्याचे नाव त्याच्या हिवाळी मुक्कामाचे. संस्कृत ‘पांडु’ म्हणजे फिकट. निळ्या पक्ष्याला हा शब्द प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. तथापि शरद ऋतूत आलेल्या नव्या पिसांच्या कडा फिकट असल्यामुळे येथे आलेला नर मळकट दिसतो. पुढे या कडा झिजतात व वसंतात निळा रंग खुलतो. परतीच्या सुमारासच तो पूर्ण निळा होत असल्याने या अर्थाने पाहिल्यास ‘पांडू’ हे नाव त्याच्या दख्खनमधील रूपाला जुळते.

‘कस्तूर’ हे नाव मराठीत अनेक गाणाऱ्या पक्ष्यांना लावतात. कस्तुरीच्या गंधाशी या पक्ष्याचा संबंध नाही. पूर्वी याचा समावेश खऱ्या कस्तूरांच्या टर्डिडी कुलात होत असे. रेणवीय अभ्यासानंतर तो माशीमार पक्ष्यांच्या मस्किकॅपिडी कुलात गेला. वर्गीकरण बदलले, तरी नाव टिकून राहिले आहे.