दारात अडवलेला विजेता

१९६१ सालची गोष्ट. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात केंटकी डर्बी या नामांकित घोड्यांच्या शर्यतीनिमित्त मेजवानी होती. रीतसर आमंत्रण मिळालेले एक ७९ वर्षांचे गृहस्थ आपल्या मुलीसह हॉटेलच्या दारात आले. त्यांना तेथेच अडवण्यात आले. कारण एकच, त्यांचा वर्ण काळा! पुष्कळ समजावल्यावर त्यांना आत सोडले. हे गृहस्थ होते जिमी विंकफील्ड. हीच शर्यत त्यांनी १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती.

दारात अडवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही.

गुलामगिरीच्या काळात मालकाच्या पागेत खरारा करणे, घोडे फिरवणे, त्यांना तयार करणे ही कामे कृष्णवर्णीय गुलामच करीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. हातातला हुन्नर मात्र राहिला. १८७५ च्या पहिल्या डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. पहिल्या २८ डर्बी शर्यतींपैकी १५ त्यांनीच जिंकल्या. परंतु या कामात पैसा आणि मान येताच गोऱ्यांना ते खुपू लागले. गोरे जॉकी संगनमत करून त्यांना कठड्याकडे रेटीत, चाबकाने मारीत. मालकही त्यांना घोडे देईनासे झाले.

विंकफील्ड खचले नाहीत. ते रशियात गेले आणि तेथे नामवंत जॉकी झाले. क्रांतीनंतरच्या धामधुमीत, १९१९ साली, ते सोबत्यांसह दोनशेहून अधिक घोडे घेऊन ओडेसाहून पोलंडमधील वॉर्सापर्यंत पोहोचले. पुढे फ्रान्समध्ये १९३० पर्यंत त्यांनी शर्यती गाजवल्या आणि मग घोडे तयार करण्याचे काम हाती घेतले. महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांची पागा बळकावली. मायदेशी परतलेल्या या विजेत्याला रस्त्याच्या कामावर मजुरी करावी लागली! पण पागा त्यांना सुटली नाही. १९५३ मध्ये ते पुन्हा फ्रान्सला गेले आणि घोड्यांच्या सेवेत रमले.

विंकफील्ड अमेरिकेत राबत होते त्याच काळात, १९४६ साली, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते.

१९७४ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, विंकफील्ड फ्रान्समध्ये वारले. अमेरिकेच्या अश्वशर्यतींच्या सन्मान दालनात त्यांचे नाव लागले ते २००४ साली. त्यांच्यानंतर आजवर एकाही अमेरिकन कृष्णवर्णीय जॉकीने ती डर्बी जिंकलेली नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात गिरणीत, रेल्वेत, गोदीत, पलटणीत हुन्नर दाखवलेले आजोबा-पणजोबा होऊन गेले. त्यांची नावे कोणत्या दालनात आहेत? दुसरा कोणी लिहील याची वाट पाहू नका. आज रात्री जेवणानंतर मुलांना वही-पेन घेऊन वडीलधाऱ्यांजवळ बसवा. ते सांगतील ते लिहून ठेवा.