संगणकाची प्रणाली बदलताना आधी खातेवही सांभाळा

१९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. १९९५ मध्ये गाडी पुढे खेडपर्यंत जाऊ लागली. मधल्या काळात खेड-चिपळूणला जाणाऱ्यास वीरला उतरून रस्ता धरावा लागे. पुढच्या वाहनाची आणि सामानाची सोय आधीच पाहिलेली बरी असे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलू पाहणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनीही नेमके हेच करावयास हवे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नियमित सेवा बंद केली. म्हणून संगणक बंद पडत नाही; परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी पूर्वीप्रमाणे दुरुस्त होत नाहीत. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, पण तो कायमचा इलाज नव्हे. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही अनेक जुने संगणक या कसोटीस उतरत नाहीत.

चोरीची प्रत नको

अशा वेळी 'फुकटात टाकून देतो' म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. चोरून उतरविलेल्या प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो, हे एक. दुसरे असे की, १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन व संशोधनावरील हक्क शरीयतच्या दृष्टीने संरक्षित असल्याचे ठरविले आहे. हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या साधनावर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरोखर मोफत आणि कायदेशीर वाट हवी असल्यास लिनक्स आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिचा पाया घातला. उबुंटू, लिनक्स मिंट हे तिचे प्रचलित प्रकार होत. जुन्या संगणकावरही ते सहसा बरे चालतात. मात्र उडी घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

काय तपासावे?

पहिला हिशेब. टॅली हे विंडोजवरचे पॅकेज आहे. ज्याचा सारा व्यवहार टॅलीवर आहे, त्याने केवळ पैसे वाचविण्यासाठी लिनक्सवर जाऊ नये. जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमधून भरता येते आणि एकट्या मालकाच्या धंद्याला मोबाइलवरील ओटीपी चालतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचे टोकन नव्या प्रणालीवर चालते की नाही, हे आधी पाहावे.

दुसरी लिपी. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसल्यास निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. निकाहच्या उर्दू पत्रिका इनपेजमध्ये करणाऱ्या छापखान्यांची अडचण याहून मोठी, कारण इनपेजही प्रामुख्याने विंडोजवर चालते. जुना संगणक चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. प्रत्येक कामाची पीडीएफही काढावी. ती कोठेही उघडते, मात्र तिच्यात दुरुस्ती करणे अवघड असते.

तिसरी यंत्रे. बिलाचा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, स्कॅनर यांची यादी करून एकेक चालवून पाहावे. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते. मूळ विंडोजला हात न लावता आठवडाभर तालीम करावी. ईदची गिऱ्हाइकी आणि मार्चअखेर हे दिवस टाळावेत.

महापुराचा धडा

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅकअप. प्रणाली बदलताना एक बटण चुकीचे दाबले तर सारी डिस्क पुसली जाते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. डिस्क पुसली गेली, ही सबब तेथे कामास येत नाही.

आणि जुलै २०२१ चा महापूर महाडकर कसा विसरतील? सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा संगणक आणि त्याशेजारच्या खणातील डिस्क यांची गत एकच होती. म्हणून एक प्रत दुकानात, दुसरी उंचावरच्या गावी नातेवाइकाकडे आणि जमल्यास तिसरी इंटरनेटवर ठेवावी. प्रत उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू देऊ नये.

कुरआन शरीफमधील सर्वात दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीची देणी-घेणी लिहून ठेवण्याविषयी आहे. आपल्या वाडवडिलांनी ती शिकवण चोपडीत पाळली. आपण ती संगणकात पाळतो. प्रणाली कोणतीही असो, आज लिहिलेली उधारी सहा वर्षांनी वाचता आली पाहिजे. ती गिऱ्हाइकाची आणि आपल्या वारसांची अमानत आहे.