वकील नसताना मुदत कशी मोजायची?

न्यायालयीन विलंबावर संशोधन करायचं ठरवलं की पहिला मोह होतो तो निकालाची तारीख आणि अपील दाखल झाल्याची तारीख यांची वजाबाकी करण्याचा. तीसपेक्षा जास्त दिवस आले की समोर 'उशीर' लिहायचं. पण मुदत अशी निघत नाही. वकील न लावता स्वतः केस लढणारा माणूसही इथेच फसतो.

आधी नियम बघू. मुदत कायदा, १९६३ नुसार दिवाणी दाव्यातल्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावं लागतं. वकील नाही म्हणून जादा दिवस मिळत नाहीत. कलम ३ तर सांगतं की समोरच्याने हरकत घेतली नाही, तरी मुदतीबाहेरचं अपील कोर्टाने फेटाळलंच पाहिजे.

आता मोजू. समजा, निकाल १ जुलै २०२४ ला लागला. कलम १२ प्रमाणे तो दिवस सोडायचा, म्हणजे ३० दिवस ३१ जुलैला संपतात. पण निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी तुम्ही ८ जुलैला अर्ज केला आणि नक्कल १८ जुलैला तयार झाली, तर दोन्ही दिवस धरून हे ११ दिवस वगळले जातात. नवी तारीख ११ ऑगस्ट. त्या दिवशी रविवार, कोर्ट बंद. मग कलम ४ मुळे सोमवारी, १२ ऑगस्टला केलेलं अपीलही मुदतीत. वजाबाकी ४२ दिवस दाखवते, कायदा म्हणतो उशीर शून्य!

याची दुसरी बाजूही आहे. नकलेचा अर्ज करायलाच तुम्ही वेळ लावलात, तर ते दिवस वगळले जात नाहीत. तयार नक्कल घ्यायला आठ दिवसांनी गेलात, तर तेही साधारणपणे तुमच्याच खात्यात. थोडक्यात, जो वेळ कोर्टाच्या हातात होता तो वजा होतो, तुमच्या हातातला नाही. म्हणून निकाल लागला की आधी नकलेचा अर्ज टाकायचा.

हेच तत्त्व अमेरिकेतही दिसतं. 'ह्यूस्टन विरुद्ध लॅक' (१९८८) खटल्यात वकील नसलेल्या एका कैद्याने अपिलाची नोटीस २७ व्या दिवशी तुरुंग अधिकाऱ्यांकडे दिली. कोर्टात ती ३१ व्या दिवशी नोंदली गेली, मुदत होती ३० दिवसांची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५-४ बहुमताने ठरवलं की कागद तुरुंगाच्या हाती दिला तो दिवसच दाखल झाल्याचा दिवस.

खरोखरच उशीर झाला, तर आपल्याकडे कलम ५ खाली 'पुरेसं कारण' दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण माफी हा हक्क नाही, ती देणं न देणं कोर्टाच्या हातात असतं.

म्हणून डेटा गोळा करताना दोन नाही, चार तारखा घ्या: निकाल, नकलेचा अर्ज, नक्कल तयार, अपील दाखल. मधल्या दोन सहसा प्रमाणित नकलेवरच नोंदलेल्या असतात. त्या सोडल्या, तर कोर्टाने घेतलेला वेळ तुमच्या प्रबंधात पक्षकाराचा निष्काळजीपणा म्हणून छापला जाईल.