घरांतील थंडावा : एक यंत्र कीं अनेक?

गेल्या वैशाखांत माझ्या मुलानें पुण्यास नवें घर घेतलें. सजावट करणारे गृहस्थ म्हणाले, "सगळ्या घराला एकच यंत्र लावूं, भिंतीवर कांहीं दिसणार नाहीं." न दिसणाऱ्या वस्तूचा खर्च आधीं विचारून घ्यावा, हा माझा जुना नेम.

वातानुकूलन-यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. त्याचें सामर्थ्य टनांत मोजतात. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी तेवढ्याच वेळांत ओढून घेणारें यंत्र एक टनाचें. अधिक टनांचें यंत्र अधिक सुखाचें, असें मात्र समजूं नये. मुंबईच्या दमट हवेंत मोठें यंत्र खोली झटकन् गार करून थांबतें, आणि हवेंतील ओलावा तसाच राहतो.

मध्यवर्ती पद्धतींत थंड हवा पत्र्याच्या वाहिनींतून खोल्याखोल्यांत जाते; 'स्प्लिट' पद्धतींत तांब्याच्या बारीक नळींतून शीतक द्रव्य खोलींतील पेटीपर्यंत जातें. हवेला वाट रुंद लागते. आपल्या साडेनऊ-दहा फुटी खोलींत वाहिनी आणि खोटें छत यांनीं फूटभर उंची घेतली, तर पंखा टांगावा कोठें? अमेरिकेंत घरांच्या माळ्यांत वा तळघरांत वाहिन्यांना जागा असते, हिवाळ्यांत भट्टीची ऊन हवाही त्यांतूनच खेळते; म्हणून ती पद्धत तेथें रुजली. तेथेंही साधारण घरांत सांध्यांतून २० ते ३० टक्के हवा वाटेंतच निसटते, असें तेथील सरकारी खातें सांगतें.

आमच्या घरीं खरा प्रश्न निराळाच होता. आमच्या मंडळींना संधिवात, नातवाला उकाडा सोसत नाहीं. एकाच यंत्रानें दोघांची समजूत घालणें कठीण. वाहिन्यांत झडपा बसवून खोल्या वेगळ्या करतां येतात, पण तो खर्च पुन्हां निराळा. शिवाय दुपारीं एकच खोली वापरांत असतां चार कशाला गार कराव्या?

मध्यवर्ती पद्धतीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तींत बाहेरची ताजी हवा मिसळण्याची सोय करतां येते. भिंतीवरची पेटी बहुधा खोलींतलीच हवा फिरवीत बसते. तेव्हां खिडकी अधूनमधून उघडावीच.

मुलानें शेवटीं तीन खोल्यांत तीन पेट्या बसविल्या, दिवाणखान्यांत पंखाच ठेविला. एका पेटीच्या पाण्याच्या नळीला उतार पुरेसा नव्हता. महिन्याभरांत भिंतीला ओल आली आणि ती नळी पुन्हां बसवून घ्यावी लागली.