मियागींची नवी शिष्या

'कराटे किड' म्हटलं की आपल्या पिढीला डॅनियल आठवतो. मियागींच्या गाड्या पॉलिश करता करता नकळत कराटे शिकणारा. त्याचे तीन चित्रपट झाल्यावर १९९४ मध्ये चौथा भाग आला, 'द नेक्स्ट कराटे किड'. त्यात डॅनियल नाही, ज्युली नावाची मुलगी आहे. ही भूमिका केली होती हिलरी स्वँकने. पुढे तिने दोन ऑस्कर मिळवली, त्यातलं एक 'मिलियन डॉलर बेबी'मधल्या बॉक्सर मुलीसाठी.

चित्रपट फारसा चालला नाही. खलनायक ठोकळेबाज आहेत, कथाही ओळखीची. तरी यंदा सुट्टीत मुलांबरोबर तो जरूर पाहा.

ज्युलीचे आईवडील अपघातात गेले आहेत. ती आजीकडे राहते, दारं आपटते, उलट उत्तरं देते. मियागी आजीला विश्रांतीसाठी आपल्या घरी पाठवतात आणि स्वतः नातीजवळ राहतात. इतका मुरलेला गुरू, पण या मुलीपुढे गोंधळतो! मग तो तिला शेजारची दंगेखोर मुलं सांभाळायला लावतो, बौद्ध मठात नेतो, चक्क वॉल्ट्झ नाच शिकवून पावलं पक्की करून घेतो. मी काही वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे मला हाच भाग सर्वांत खरा वाटला. एका मुलाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला लागू पडतेच असं नाही. शिकवणाऱ्यालाच नव्याने शिकावं लागतं.

आपण राहतो तो देश ज्युदोवेडा. उट्रेख्टच्या अँटन गेसिंकने १९६४ मध्ये टोकियोत, जपानी प्रतिस्पर्ध्याला हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. स्त्रियांना मात्र ज्युदोत ऑलिंपिक पदकासाठी १९९२ पर्यंत थांबावं लागलं. आज इथल्या क्लबांत मुलगे-मुली एकाच मॅटवर पडतात, उठतात, वाकून नमस्कार करतात. तरीही भारतातून फोनवर प्रश्न येतोच, "अगं, मुलीच्या जातीला मारामारी कशाला? भरतनाट्यमला घाल की!"

अशा आजी-मावशींनाही हा चित्रपट दाखवा. पहिल्या तीन भागांत स्पर्धा नाहीतर मोठी झुंज जिंकायची असते. इथे चषक नाही की पट्टा नाही. ज्युलीला हवं आहे ते एवढंच, की शाळेत कुणी दमदाटी करू नये आणि आपल्या रागाचं काय करायचं ते कळावं. ते तर आपल्या मुलींनाही हवंच आहे. आणि भरतनाट्यमचं म्हणाल, तर मियागींनीही नाच शिकवलाच की!

चित्रपट संपल्यावर लेकीला विचारून बघा. जवळच्या क्लबात बहुधा एखादा 'प्रूफलेस', म्हणजे चाचणीचा तास, मिळतो.