निरोप घरापर्यंत पोचवा

रविवारची उपासना संपते. लोक उठू लागतात. कोणी चपला शोधतो, कोणी पोराला हाक मारतो. तेवढ्यात पुढून आवाज येतो, "थांबा, एक सूचना आहे. बुधवारी डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. सर्वांनी यावे."

झाले. सूचना दिली. काम संपले.

खरेच का संपले?

समजा, ही सूचना बोईसरजवळच्या एका चर्चमध्ये दिली. त्या दिवशी तिथे कोण नव्हते ते पाहू. एक गडी कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. एकजण होडी घेऊन समुद्रावर होता. पाड्यावरचे एक कुटुंब भातकापणी आटोपून वीटभट्टीवर गेले होते. आणि एक आजी घरीच बसून होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाट दिसत नाही, म्हणून ती आलीच नव्हती.

शिबिर होते तिच्यासारख्यांसाठी. निरोप तेवढा तिलाच मिळाला नाही. बुधवारी डॉक्टर आले आणि गेले. गुरुवारी आजी म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही रे बाबांनो!"

सांगणारा म्हणतो, मी सांगितले. आजी म्हणते, मला कळले नाही. दोघेही खरे बोलतात. मग चूक कुठे झाली? चूक झाली निरोपाच्या वाटेत. ती वाट आधी नीट आखायला हवी.

घंटेपासून छापील पानापर्यंत

लोकांना बोलावण्याचे जुने साधन म्हणजे घंटा. आपल्या भागातल्या घंटांची गोष्ट मोठी आहे. १७३९ सालच्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच साली मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेतल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. एक भीमाशंकरच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला आहे. आधी त्या चर्चमध्ये वाजत. पुढे देवळात वाजू लागल्या. दोन्हीकडे काम एकच, लोकांना हाक मारणे.

पण घंटा फक्त 'या' म्हणते. कशाला या, येताना काय आणा, हे ती सांगत नाही. त्यासाठी शब्द लागतो. आणि शब्द ऐकणाऱ्याच्या भाषेतला लागतो.

थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. इथल्या लोकांना आपली गोष्ट कळावी म्हणून तो इथली भाषा शिकला. मराठीत ओव्या रचून त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. परका माणूस, पण त्याने लोकांची भाषा धरली. तरी कॅथलिक लोकांची मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, पुढेही कित्येक वर्षे लॅटिन भाषेतच होई. १९६२ ते १९६५ या काळात रोमला धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. तिच्यानंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली.

छापील पानेही निघाली. 'ज्ञानोदय' हे मराठी पत्र अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केले. वसईला १९५५ साली 'सुवार्ता' हे मासिक निघाले. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते बरीच वर्षे चालवले. हेच फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. छापलेले पान हरवत नाही. ते दहा घरे फिरते. पण ज्याला वाचता येत नाही त्याला ते मुकेच असते, हेही खरे.

आपला भाग सोपा नाही

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. इथे समुद्र आहे, सपाटी आहे आणि डोंगरही आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. ते देशातले पहिले. बोईसरला कारखाने आले. केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसे पोटासाठी आली.

म्हणून इथल्या एकाच चर्चमध्ये वाडवळी बोलणारा असतो, मांगेली बोलणारा असतो, वारली बोलणारा असतो. शेजारी मल्याळम किंवा हिंदी बोलणाराही बसतो. एकाला रविवारी सुट्टी, दुसऱ्याला रातपाळी. एकाच्या हातात मोठा फोन, दुसऱ्याच्या पाड्यावर फोनला आवाजच धरत नाही. एका रस्त्याने सगळ्यांच्या घरी जाता येत नाही. निरोपाचेही तसेच आहे.

सहा प्रश्न

निरोप देण्याआधी चार माणसांनी बसावे आणि स्वतःला सहा प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, कोणासाठी? 'सर्वांसाठी' हे उत्तर पुरे नाही. डोळ्यांचे शिबिर असेल तर म्हाताऱ्या माणसांची नावे आधी लिहून काढा.

दुसरा प्रश्न, काय सांगायचे? दिवस, तारीख, वेळ, जागा, आणि काय आणायचे. "सर्वांनी यावे" हा अर्धा निरोप. पुरा निरोप असा: "बुधवारी १२ तारखेला सकाळी १० वाजता चर्चच्या हॉलमध्ये डोळे तपासणार. पैसे नाहीत. आधार कार्ड आणि जुना चष्मा आणा. चालता येत नसेल त्यांना आणायला रिक्षा येईल."

तिसरा प्रश्न, कोणी सांगायचे? दर दहा-पंधरा घरांमागे एक माणूस नेमा. पाड्याला पाड्यातला, चाळीला चाळीतला. त्याला तिथली बोली येते. कोण आजारी, कोण भट्टीवर गेले, हे त्याला ठाऊक असते. बायकांना सांगायला बाई असलेली बरी. ती घरात जाऊन चुलीपाशी बसून बोलू शकते.

चौथा प्रश्न, कशाने सांगायचे? एकाच साधनावर विसंबू नका. उपासनेत तोंडी सांगा. बाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. फोन असलेल्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावरच बोलून आवाज पाठवता येतो. आणि उरलेल्यांच्या घरी माणूस जाऊ द्या.

पाचवा प्रश्न, कधी? आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा. कामगाराला रजा काढावी लागते. मजुराला खाडा धरावा लागतो. आज सांगून उद्या बोलावले तर तो बिचारा येणार कसा?

सहावा प्रश्न सगळे विसरतात. निरोप पोचला का? नेमलेल्या माणसाने परत येऊन सांगावे, "माझी पंधरा घरे. तेरा घरी सांगितलं. दोन घरं बंद होती." मग त्या दोन घरांचे पाहता येते. हा प्रश्न विचारला असता तर आजीचे घर सुटले नसते.

लोकांचेही ऐका

पाटाचे पाणी एकाच बाजूला वाहते. बोलणे तसे नसावे. पाळकांनी, फादरांनी, पंचांनी सांगायचे आणि लोकांनी फक्त मान हलवायची, यात मंडळी टिकत नाही. महिन्यातून एकदा लोकांना बोलू द्या. त्यांनी काय विचारले ते लिहून ठेवा. पुढच्या खेपेला त्याचे उत्तर द्या. उत्तर 'नाही' असले तरी द्या, आणि का नाही तेही सांगा.

पैशाचे तर सांगितलेच पाहिजे. वर्गणी किती जमली, छपरावर किती खर्च झाला, शिल्लक किती, हे फळ्यावर लावा. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे हिशेब ठेवावा लागतो आणि तपासून घ्यावा लागतो. हिशेब उघडा असला की कुजबुज थांबते.

पण सगळेच फळ्यावर लावायचे नसते. कोणाचा आजार, कोणाचे कर्ज, नवरा-बायकोचे भांडण, या गोष्टी त्या त्या माणसाशी एकट्याने बोलायच्या. त्या कर्ण्यावरून गेल्या की माणूस पुन्हा चर्चची पायरी चढत नाही.

खोटा निरोप

खोटा निरोप जीव घेतो. आपल्या भागाने हे दोनदा पाहिले. १९४५ सालच्या ऑक्टोबरात, वारल्यांच्या लढ्याच्या वेळी, गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी खोटी खबर पसरली. हजारो आदिवासी तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसे गेली. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे तिघांना जमावाने मारले. चोर येतात, पोरे पळवतात, अशा अफवा त्या दिवसांत गावोगाव फिरत होत्या.

म्हणून कुठलीही खबर आली की आधी विचारा, हे कोणी सांगितले? त्याने डोळ्यांनी पाहिले का? आपल्या नेमलेल्या माणसाला विचारा. कळेपर्यंत पुढे पाठवू नका. जिथे खरा निरोप वेळेवर मिळतो, तिथे खोट्याला जागा कमी उरते.

आता तुमचे काम

हे नुसते चर्चचे नाही. ग्रामसभा, भजनी मंडळ, बचत गट, सगळीकडे हेच सहा प्रश्न लागू आहेत.

तुम्ही आता वाचायला शिकलात. म्हणजे तुमच्याकडेही एक काम आले. चर्चचा असो, शाळेचा असो, ग्रामपंचायतीचा असो, फळ्यासमोर जरा थांबा. मोठ्याने वाचा. शेजारी उभ्या असलेल्याला ऐकू जाऊ द्या. घरी जाताना ज्या आजीला दिसत नाही तिच्या दारात थांबा आणि म्हणा, "आजी, बुधवारी डॉक्टर येणार आहेत. मी तुम्हाला न्यायला येतो."